चांगुणाबाईचा यक्ष

आमची घरमालकीण चांगुणाबाई पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकली, आणि तिला शिकवलं मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे गावात जो तो कुणाच्या तरी माथी खापर फोडायला निघाला होता आणि ते फिरत फिरत माझ्या दारापर्यंतही आलं. शिकवलं तर शिकवलं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

आम्ही साताऱ्याकडची माणसं. माझे यजमान हौसेराव तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. एक्क्याण्णव साली आम्ही तळवलीत भाड्याने खोली घेतली, ती गोटीराम आणि चांगुणाबाई या आगरी जोडप्याच्या चाळीत. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती. आलेल्या पैशात त्यांनी घरामागे खोल्या काढल्या आणि तिथे आमच्यासारखे घाटावरचे लोक येऊन राहिले. गोटीरामबाबांनी उमेदीत मिठागरावर काम केलेलं. आता ते दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघत. दारू नाही, शिवीगाळ नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. त्यांना वाईट म्हणायची सोयच नव्हती. फक्त ते बोलत नसत. भूक लागली की ताटाच्या जागेवर येऊन बसत, आणि चांगुणाबाईला हाक मारायची वेळ आलीच तर "ए" म्हणत. मूलबाळ झालं नव्हतं. त्यामुळे त्या घरात तिचं नाव उच्चारणारं दुसरं कुणी नव्हतंच.

गावात मात्र तिचा मान मोठा. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण लग्न खरं लागतं ते धवलारणीच्या गाण्याने, असं जुनी माणसं मानत. हळद लागल्यापासून ती मांडवात बसते, देवांना एकेकाच्या नावाने बोलावते आणि मग नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफून त्यांची गाठ बांधते. हे गाणं म्हणजे धवला. ती एक ओळ म्हणते आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ झेलून पुन्हा म्हणतात. चांगुणाबाईचा आवाज जाडा, जरा घोगरा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चुलीवरचं तसंच टाकून मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिले होते, आणि घरी आमटी करपली.

"भटजीचा मंत्र चुकला तर चालंल," ती मला सांगायची. "धवला चुकून चालत नाय. देवांनी ऐकलेला असतो. तो माघारी घेता येत नाय."

त्र्याण्णवच्या सुमारास गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. मी दहावी पास, म्हणून बायकांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. दुपारी मारुतीच्या देवळात आम्ही बसायचो. चांगुणाबाई आधी नुसती गंमत बघायला आली, मग पाटी घेऊन बसली. एवढे धवले तोंडपाठ ठेवणारं डोकं ते, अक्षरं तिला भराभर आली. अडचण आली ती पुस्तिकेची. पाणी उकळून प्या. बाळाला लस टोचा. बचत करा. एके दिवशी तिने पुस्तिका मिटून माझ्यापुढे ठेवली.

"सत्यभामा, यो सगला मना ठाव हाय. ठाव हाय तेच वाचायला कशाला शिकायचा?"

मलाही ती पुस्तिका वाचताना जांभया येत.

माझ्या घरात तेव्हा गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट जमलं होतं. बाजारात फळांच्या पेट्यांत घालायला रद्दीचे गठ्ठे यायचे. त्यात कादंबरी दिसली की हौसेराव बाजूला काढून आणत. मी ती पुस्तकं खळ लावून, खाकी कागद चढवून बांधायची. दारावर 'वाचनालय' अशी पाटी लावली होती आणि चाळीतल्या, गावातल्या बायका पुस्तकं न्यायच्या. शापातले राजपुत्र, गंधर्व, नागकन्या, पाताळातली प्रेमं, असलीच पुस्तकं कायम बाहेर असत. पलीकडच्या खोलीत राहणारे कमळाकर मास्तर पेन्शनीत निघालेले. ते येऊन कपाटावरून नजर फिरवायचे आणि नाक मुरडायचे. "काय हे वाचायला देता बायकांना? यातलं एक अक्षर तरी खरं आहे का?" मी त्यांना चहा द्यायची आणि विषय बदलायची. त्यांच्या तोंडी लागायला वेळ कुणाला होता?

त्याच कपाटातलं एक पुस्तक मी चांगुणाबाईच्या हातात दिलं. 'मणिसरोवराचा यक्ष.' लेखकाचं नाव मूळ वेष्टनासोबत रद्दीत गेलेलं, त्यामुळे ते आम्हाला कधी कळलं नाही. गोष्ट साधी. मणिशेखर नावाचा यक्ष शापाने एका तळ्यात अडकलेला असतो. काठावर माती न्यायला कुंभाराची मुलगी येते, रेवा तिचं नाव. तिला तो दिसत नाही. ती आपली माती खणताना गाढवाशी बोलते, मडक्यांशी बोलते, स्वतःशी बोलते. शापाचा जोर पौर्णिमेला ओसरतो, तसा एका पौर्णिमेला तो पाण्याबाहेर येतो आणि रेवाने कधीकाळी सहज म्हटलेलं एक वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवतो.

त्या पानावर चांगुणाबाई थांबली. ती माझ्या दारात उंबऱ्यावर बसून, ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने वाचत होती. बोट तिथंच राहिलं.

"यानं ध्यानात ठेवला?" तिने विचारलं. "तिचा बोललेला, सगला?"

"हो मावशी. त्याला सगळं पाठ असतं."

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "लग्नाच्या वर्साला मी ह्यांना बोलले व्हते, मना चाफ्याचा वास लय बरा वाटतो. गेल्या साली अंगनातला चाफा कापला. मी बोलले, का कापला? तर बोलले, तुला काय त्याचा."

एवढं बोलून ती पुन्हा वाचायला लागली. मला रडू आलं होतं. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली.

लोकांना वाटतं, बायका असली पुस्तकं मुकुटासाठी नि महालासाठी वाचतात. मास्तरांनाही तेच वाटायचं. छे! महालाची वर्णनं चांगुणाबाई सरळ ओलांडून जायची. "ह्या खांबांचा मी काय करू," म्हणायची. यक्ष देखणा आहे, त्याच्या अंगावर रत्नं आहेत, याचंही तिला कौतुक नव्हतं. तो रेवाला नावाने हाक मारतो, हे मात्र ती पुनःपुन्हा वाचायची. पुस्तकात ती हाक जितक्या वेळा आली होती, तितक्या जागा तिने तांदळाचा दाणा चिकटवून खूण करून ठेवल्या होत्या. पुस्तक संपलं की पहिल्या पानापासून पुन्हा सुरू. मी दुसरं देऊ केलं तर म्हणाली, "नको, यो बरा हाय." जणू स्थळ पसंत केलं होतं. ती ओट्याच्या एका टोकाला बसून धवल्याच्या चालीत वाचायची आणि दुसऱ्या टोकाला गोटीरामबाबा रस्ता बघत बसलेले असायचे. त्यांच्या कानावर शब्द पडत होते की नाही, देव जाणे.

शेजारच्या घरात तिची चुलत जाऊ मालतीबाई राहायची. तिची मुलगी मनस्वी चांगुणाबाईच्याच अंगाखांद्यावर वाढलेली, तिला काकी म्हणायची. पंचाण्णव साली मनस्वीचं लग्न ठरलं. मुलगा जासईचा, मिथुन नाव. बंदराकडच्या एका कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचा. हा पोरगा म्हणजे बोलका पोपट. साखरपुडा झाल्यापासून काही ना काही निमित्त काढून तळवलीला यायचा. कधी खाडीतले मासे, पिशवीभर निवट्या घेऊन, कधी पत्रिकेत कुणाचं नाव कसं छापायचं ते विचारायला. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा हॉर्न वाजला की मनस्वी केस नीट करत खिडकीमागे जायची. तो ओट्यावर बसून सगळ्यांशी गप्पा मारायचा. गोटीरामबाबांना त्याने मिठाचे वाफे कसे बांधतात ते विचारलं, आणि बाबा चक्क दोन-चार वाक्यं बोलले. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"काकी, तुजा यक्ष काय बोलतो?" मनस्वी चिडवायची. "मोटारसायकल हाय का त्याच्याकरं?"

चांगुणाबाई लाजायची. खरंच लाजायची, या वयात.

लग्न गावातच होतं. मांडव दारात. चांगुणाबाई नवं लुगडं नेसून बसली, मागे झेलणाऱ्या बायका बसल्या. मीही कडेला होते. देव बोलावून झाले. मग नवऱ्याला बोलवायची वेळ आली. दूरचा रस्ता तुडवत तो येतोय, त्याच्या वाटेवर पाणी शिंपा, असं काहीसं गाणं ते. चांगुणाबाईने डोळे मिटले होते. त्या जागी नवऱ्याचं नाव घालायचं असतं. तिने घातलं. मणिशेखर.

आणि बायकांनी झेललं. झेलणाऱ्या बायका शब्द ऐकत नाहीत, त्यांचं लक्ष सुराकडे असतं. पुढच्या ओळीत तिने पुन्हा मणिशेखर म्हटलं, त्यांनी पुन्हा झेललं. सगळा मांडव मनस्वीचं लग्न मणिशेखराशी लावत होता. माझ्या ते लगेच लक्षात आलं, पण मी घाटावरची, त्या मांडवात माझ्या तोंडाला कोण विचारणार? शेवटी एका म्हातारीने, "यो कोन गो?" म्हणून विचारलं आणि हशा पिकला. मनस्वीही बाशिंगाखाली हसली. चांगुणाबाईने डोळे उघडले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पुढच्या ओळीपासून मिथुनचं नाव घेतलं आणि धवला पुरा केला. मालतीबाई तेवढी हसली नाही.

त्या दिवशी ती जेवली नाही. मी समजूत घातली. "मावशी, जीभ आहे, घसरते. पोरं सुखात आहेत. त्यांनी तर हसण्यावारी नेलं."

"देव हसलं नाय," ती म्हणाली.

मिथुन आणि मनस्वी खरंच सुखात होती. सणासुदीला दोघं मोटारसायकलवरून यायची, आणि तो आला की गल्लीला कळायचं. दिवाळी झाली, होळी झाली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, भर दुपारी, यार्डात मागे येणाऱ्या एका ट्रेलरखाली मिथुन सापडला. तो स्वतःच्या गाडीतून उतरून दुसऱ्याला रस्ता दाखवत होता म्हणे. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

मनस्वीला माहेरी आणलं त्या दिवशी मालतीबाई आमच्या ओट्यापाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

"तू माझे पोरीचा लगीन दुसऱ्यासंगं लावलास," ती चांगुणाबाईला म्हणाली. "त्याचे नावाचा धवला गायलास. मग यो कसा राहील? जिचा नवरा दुसराच, तिचे घरात यो कसा जगंल?"

सगळी गल्ली गोळा झाली होती. मी पुढे होऊन म्हणाले, "आवो, कायतरीच काय बोलताय? ट्रेलरवाल्याची चूक, आणि गाण्यावर घालताय?" मला गप्प बसवलं. तूच तिला ते पुस्तक दिलंस, असं एक-दोघी पुटपुटल्या. गोटीरामबाबा उठले आणि आत निघून गेले. आयुष्यात एकदा बायकोच्या बाजूने तोंड उघडायची वेळ आली होती, ती त्यांनी तशीच घालवली. त्याचा राग मला आजही येतो. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. चांगुणाबाईने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. मालतीबाईचं सगळं तिला पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक माझ्याकडे आणून दिलं. "ठेव, माझे नजरंसमोर नको." गावाने तिला बोलावणं बंद केलं. लग्नसराईत घणसोलीहून दुसरी धवलारीण यायला लागली. आमच्याच गल्लीत मांडव पडला की चांगुणाबाई दार लावून घ्यायची. एकदा मी फटीतून पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि बाहेरच्या गाण्याबरोबर तिचे ओठ हलत होते.

मनस्वी रडत नव्हती. बाया येऊन गळ्यात पडायच्या, ती भिंतीकडे बघत बसायची. दगड झाली पोर, असं लोक म्हणायला लागले. एके दुपारी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, काकी वाचायची तो पुस्तक द्या." मी क्षणभर घुटमळले. पण किती महिन्यांनी तिने तोंड उघडून काही मागितलं होतं. मी दिलं.

ती वाचायला लागली आणि हळूहळू माणसांत आली. जेवायला लागली. पाणी भरायला यायला लागली. मालतीबाईने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जवळजवळ आभारच मानले. मग एकदा पुस्तक मुदतीत परत आलं नाही म्हणून मी चौकशीला गेले, तर मनस्वीच्या हातात हिरव्या बांगड्या. मी काही बोलले नाही. विधवेने बांगड्या भरू नयेत असल्या मताची मी नाही. ती म्हणाली, "आज पुनव हाय ना ताई. ते येतान."

"कोण गं?"

"ते," ती म्हणाली. बायको नवऱ्याला जसं म्हणते, तसं. "त्यांना सगला ध्यानात असतो. मी काय काय बोलते, सगला."

मी पुस्तक न मागताच घरी परतले.

मी मालतीबाईला सांगितलं नाही, तिला आपोआप कळलं. घणसोलीत किराणा दुकान चालवणारा देवजी नावाचा एक बिजवर होता. शांत माणूस, पदरात एक लहान मुलगी. त्याच्याकडून विचारणा आली. आगऱ्यांत दुसऱ्या लग्नाला आडकाठी नसते. घरचे सगळे खूश. मनस्वीने मात्र शांतपणे सांगितलं, "माझा लगीन झालेला हाय. मिथुनसंगं नाय, त्यांच्यासंगं. काकीने धवला गायला. सगल्या बायांनी झेलला." कुणी समजावलं, कुणी दरडावलं. भगत आणला. ती हसायची फक्त. देवजीकडून निरोप आला की आठवडाभर वाट बघू, नाहीतर दुसरीकडे बघू.

तेव्हा मालतीबाई चांगुणाबाईच्या दारात आली. मिथुन गेल्यापासून ती त्या दारात आली नव्हती. ती रडत होती. "माझी पोर वेडी होयल गो," ती म्हणाली. "तू गाठ बांधलीस. तूच सोड."

चांगुणाबाईने मला हाक मारली. "सत्यभामा, तू पन बस." मग मनस्वीला बोलावलं. आम्ही तिघी आतल्या खोलीत बसलो. मालतीबाई दारात उभी राहिली. मनस्वीच्या मांडीवर ते खाकी पुस्तक होतं.

"मनस्वी," चांगुणाबाई म्हणाली, "तो नाय हाय."

"कोन?"

"मनिशेखर. तो नाय हाय गो. कुनीतरी कागदावर लिवलाय."

मनस्वी हसली. "असा कसा? तूच त्यांना मांडवात बोलावलास. तूच सांगतंस ना काकी, धवला देवांनी ऐकलेला असतो? माघारी घेता येत नाय?"

पोरीने नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. यक्ष खोटा, एवढं म्हणून भागणार नव्हतं. धवला खरा असेल तर यक्ष खरा होता. चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्यापुढचं संकट दिसलं आणि मी मनात म्हटलं, मावशी, नको. पण ती बोलली.

"कुनी ऐकत नाय," ती म्हणाली. "देव-बिव कुनी येत नाय मांडवात. मी इतकी वर्सा बोलवते, एकदा पन कुनी आला नाय. घसा हाय, म्हनून गायते. बाईचा गाना तो. त्यान गाठ पडत नाय आनि सुटत पन नाय."

दारात मालतीबाईच्या तोंडून हाय निघाली. जिच्या गाण्याने तिची स्वतःची गाठ बांधली होती, तीच बाई हे बोलत होती.

मनस्वीचं हसू तसंच होतं, पण डोळे हलले. "मग तू कशाला वाचायचीस? इतका? रोज?"

चांगुणाबाईला खोटं बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. "जो हाय, तो तर ओट्यावर बसलेला हाय," ती म्हणाली. "नाय, म्हनून वाचायची. असता, तर मी वाचत कशाला बसले असते?"

मनस्वी पुस्तकाकडे बघत होती. मग तिने एकेक बोट उचलावं तसा हात त्याच्यावरून काढला.

"मंजे," ती म्हणाली, "मिथुन मेला."

"हो गो बाय."

"तो ट्रेलरखाली... माझा मिथुन..."

"हो."

आणि मग ती पोर जी रडायला लागली! वर्षभर न रडलेलं सगळं एकदम आलं. ती जमिनीवर लोळली, मिथुनला हाका मारत राहिली, त्याच्या मोटारसायकलचं, त्याच्या हसण्याचं, भात वाढताना तो काय म्हणायचा त्याचं नाव घेऊन घेऊन रडली. यक्ष होता तोवर तिचा मिथुन मेलाच नव्हता. चांगुणाबाईने तिला मांडीवर ओढून घेतलं आणि त्या वेळी माझ्या लक्षात आलं की चांगुणाबाईही रडतेय. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. तिचा यक्ष गेल्याचं दुःख करायला कुणी येणार नव्हतं.

मनस्वीने देवजीला होकार दिला, पण लगेच नाही. महिनाभर रडून झाल्यावर दिला. देवजी थांबला, हा त्याचा मोठेपणा. लग्न देवळात साधंच करायचं ठरलं. दुसऱ्या लग्नाला धवले गात नाहीत, तरी मालतीबाई चांगुणाबाईकडे आली, पदर पसरला आणि म्हणाली, "तूच येऊन गा. या वेळी बरोबर नाव घालून गा. गावाला मी सांगते." तिने क्षमा केली होती, आणि गावही करायला तयार होतं. ज्यासाठी चांगुणाबाई वर्षभर दाराआड बसून झुरली, ते मालतीबाई स्वतः चालत घेऊन आली होती.

"मी नाय गानार," चांगुणाबाई म्हणाली. "त्या पोरीचे तोंडावर मी बोलले, देव ऐकत नाय. आता तिचेच लग्नात बसून देवांना हाका मारू? ती माझे तोंडाकडे बघंल, गो."

मालतीबाईने खूप विनवलं. मीही सांगून पाहिलं की मावशी, ते तुम्ही पोरीसाठी बोललात, मनातून थोडंच होतं? तिने मान हलवली. "तोंडातून गेला तो गेला." मनस्वीचं लग्न धवल्याविना लागलं, आणि त्यानंतर तळवलीत कुणी चांगुणाबाईचा धवला ऐकला नाही.

मनस्वी घणसोलीला नांदायला गेल्यावर ते पुस्तक माझ्याकडे परत आलं. मी पुष्कळ दिवस कपाटात मागे ठेवलं. मग एका दुपारी चांगुणाबाई ओट्यावर एकटीच बसलेली दिसली. बाबा आत झोपले होते. मला तिचं ते रिकामं बसणं बघवेना. मी पुस्तक नेऊन तिच्या हातात ठेवलं. "आता कुणाचं काही नाही मावशी. वाचा खुशाल."

तिने ते मधूनच उघडलं. तांदळाचे दाणे अजून कागदाला चिकटून होते. ती बोट ठेवून एक ओळ वाचत गेली, मग दुसरी. रेवाच्या नावाशी बोट आलं, तिथं थांबलं, पुन्हा मागे जाऊन तीच ओळ तिने मोठ्याने वाचली. मग पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं.

"वाचता येतो गो," ती म्हणाली. "पन आता नुसती अक्षरा दिसतान." आणि सूप ओढून ती तांदूळ निवडायला लागली.